टीव्हीलाही म्हातारपण येतं!

मित्रांनो, कॉमन रूममधला मोठा ओएलईडी टीव्ही तुम्ही पाहिलाच असेल. मॅच संपली, चॅनल बदललं, तरी खाली स्कोअरच्या पट्टीचं भूत दिसत राहतं! आम्ही सगळं खापर वॉचमनकाकांवर फोडलं. "काका रात्री टीव्ही बंदच करत नसतील." खरा प्रकार मात्र उलटाच निघाला.

एलसीडीमध्ये पडद्याच्या मागे दिवे असतात. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच दिवा. १९८७ साली कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी अशा पातळ सेंद्रिय थरांच्या डायोडवर पेपर लिहिला, तिथून ही गाडी सुटली. करंट जितका जास्त, तितका उजेड जास्त. पण हे पदार्थ वापराने झिजतात, निळा सगळ्यात लवकर. पट्टीचे पिक्सेल रोज जास्त राबतात, म्हणून तेच आधी थकतात. त्यांना करंट देणाऱ्या ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड व्होल्टेजही हळूहळू सरकतं.

मग टीव्ही काय करतो? पिक्सेलमधून करंट किती वाहतो ते मोजतो, किती झीज झाली ते मेमरीत लिहून ठेवतो आणि थकलेल्याला थोडं जास्त व्होल्टेज देतो. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल! आहे ना कमाल?

खरी गंमत पुढे आहे. पडदा तापला की तेवढ्याच व्होल्टेजला जास्त करंट वाहतो. म्हणजे म्हातारा पिक्सेलसुद्धा गरम असताना तरुण असल्याचं भासवतो. जिना चढून आलेल्या माणसाची नाडी लगेच मोजली तर डॉक्टर फसेलच ना? म्हणून एकतर तापमान मोजून तेवढा फरक वजा करायचा, नाहीतर पडदा थंड होऊ द्यायचा. ताप उतरतो, झीज उतरत नाही. हा फरक ओळखणं हेच या सर्किटचं खरं काम.

म्हणूनच बरेच टीव्ही ही तपासणी रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये गुपचूप करतात. आणि आपले काका रोज रात्री भिंतीवरचं बटणच बंद करायचे! का? तर "वीज वाचवा" असं आम्हीच त्यांना बजावलं होतं. बिचाऱ्या टीव्हीला तपासणीची संधीच मिळाली नाही.

आता बटण चालू ठेवतो. भूत पुसट झालंय, गेलेलं नाही. जाणारही नाही, कारण झिजलेला पदार्थ परत येत नाही. उलट थकलेल्याला जास्त करंट दिला की तो आणखी लवकर झिजतो. ही भरपाई आहे, औषध नाही.

तेव्हा टीव्ही रिमोटनेच बंद करा, एकच चॅनल तासन्‌तास लावू नका, ब्राइटनेस जरा कमी ठेवा. आणि हो, काकांना आम्ही सॉरी म्हटलंय. तुम्हीही म्हणा!