बंब येईपर्यंत

सहस्रकुंड धबधब्याजवळचं इस्लापूर हे किनवट तालुक्यातलं गाव. भोवती सागाचं रान, शेतात कापूस, गोठ्यालगत कडब्याची गंज. पेट घ्यायला इथे एक ठिणगी पुरते. विझवणारा मात्र दुसऱ्या गावाहून यावा लागतो. त्याचं मूळ राज्यघटनेतच आहे. बाराव्या अनुसूचीनं अग्निशमन सेवा नगरपालिकांकडे दिली. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत ती नाही. ग्रामीण भागात बंब 20 मिनिटांत पोचावा, असा देशपातळीवरचा दंडक. किनवटहून इस्लापूर गाठायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

त्या बंबावरचा जवान घडतो राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमातून. दहावी पास, उंची किमान 165 सेंटिमीटर, छातीचं माप ठरलेलं. मग पहाटेची कवायत, होज पसरणं-गुंडाळणं, शिडी, पंप, श्वसनयंत्र लावून धुरात शिरणं, बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेऊन उतरणं. पुढे अधिकारी व्हायचं तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. ते 1956 साली रामपूरला निघालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं.

हे शिक्षण कसदार आहे, पण त्याचा रोख शहरी इमारतीकडे. 2006 चा राज्याचा आग प्रतिबंधक कायदाही इमारतीभोवतीच फिरतो. गावची आग वेगळी. कापसाची गंज वरून विझली तरी आत धुमसत राहते; ती उपसून, पसरूनच भिजवावी लागते. पाणी मारण्याआधी डीपीवरून, म्हणजे रोहित्रावरून, वीज तोडावी लागते, दावणीची जनावरं सोडावी लागतात. रानातला वणवा तर वनखात्याचा. त्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, तीच आग पुढे सरकते. तिथे पाण्यापेक्षा जाळरेषा, हिरव्या फांद्या आणि पाला उडवणारे ब्लोअर कामी येतात.

पहिल्या घटकेला हजर असतात ते गावकरी. त्यांच्यासाठी मात्र कसलंच नियमित प्रशिक्षण नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या ‘आपदा मित्र’ योजनेनं 12 दिवसांत स्वयंसेवक तयार करता येतात, हे दाखवलंय. त्याच धर्तीवर गंज, गोठा, गॅस आणि वणवा एवढ्यावरच बेतलेला, दरवर्षी उन्हाळ्याआधी उजळणी होणारा अभ्यासक्रम हवा. सहा महिने शिकलेल्या जवानाची जागा तो घेणार नाही. बंब येईपर्यंत आग एका गोठ्यापुरती राखली, तरी त्याचं काम झालं.