बेगड, कापूस आणि केजचं ऊन

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची शिंगं रंगवून झाली की त्यांवर बेगड चिकटवायचं काम आमच्या घरी मुलींकडे असायचं. रंग फार ओला असला की बेगडाचा तुकडा घसरायचा, आणि वाळला की धरायचाच नाही. मधली ती चार-पाच मिनिटं बोटाने ओळखावी लागत. रंगाला बोट हलकेच टेकवायचं, चिकटल्यासारखं वाटलं पण बोटाला रंग लागला नाही, की बेगड ठेवायचं. हे मला आठव्या वर्षी येत होतं. चाळिशी ओलांडल्यावर हाताने केलेलं चमकीचं नेलपेंट लावायला बसले, तेव्हा माझ्या बोटांना ते आठवलं.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या केजला नेलपेंट मिळतं ते कटलरीच्या दुकानात. टिकल्यांची पाकिटं, पिना, मेंदीचे कोन, आणि काचेच्या कपाटात बाटल्यांची रांग: लाल, मरून, गुलाबी, आणि एखादी चमकीची. या चमकीच्या बाटलीने लहानपणापासून माझी निराशा केलेली आहे. बाहेरून ती भरगच्च दिसते, पण ब्रश बाहेर काढला की पाण्यासारखा पातळ रंग येतो आणि नखावर मोजून चार कण उतरतात. बाकीची चमकी तळाशी जाऊन बसलेली असते. मी तेव्हा तो माझ्या हाताचा दोष समजत होते. खरं कारण बाटलीतल्या द्रवात होतं, आणि ते मला कळलं मामेबहिणीने परदेशातून आणलेल्या सहा बाटल्यांमुळे.

त्या सहाही बाटल्या छोट्या, स्वतंत्र व्यावसायिकांनी केलेल्या होत्या. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, युरोप इथे असे कितीतरी जण आहेत. घरातल्या एखाद्या खोलीत किंवा लहानशा गाळ्यात, एका वेळी थोड्याच बाटल्या होतील इतका माल ते घोटतात आणि स्वतःच्या नावाने विकतात. अमेरिकेतली केबीशिमर आणि सर्क कलर्स, ऑस्ट्रेलियातली एमिली द मॉली ही त्यातली नावाजलेली नावं. कॅनडातल्या क्रिस्टीन रोटेनबर्गची गोष्ट मला विशेष आवडते. ओटावात सरकारी सांख्यिकी खात्यात गुन्ह्यांची आकडेवारी पाहणारी ही बाई नखांचे व्हिडिओ करता करता प्रसिद्ध झाली आणि २०१९ मध्ये तिने ‘होलो टॅको’ हा स्वतःचा ब्रँड काढला. पहिल्याच मालात तिने होलोग्राफिक चमकीचे तीन पारदर्शक थर आणले आणि त्यांच्याखाली लावायला एका हातात बसणारा काळा रंग दिला. काळ्यावर ही चमकी सगळ्यात खुलते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हाताने करायचं म्हणजे यात नेमकं काय हाताने करतात? सुरुवातीला बरेच जण दुकानातल्या दोन-तीन बाटल्या एकत्र करून नवा रंग जुळवत. फ्रँकेनस्टाइनच्या कथेतल्या जोडून केलेल्या देहावरून या खटपटीला ‘फ्रँकन’ म्हणायची पद्धत पडली. विकण्यासाठी करणारे मात्र तयार बेस विकत घेतात आणि त्यात रंग, अभ्रकाची झळाळी, चमकी असं वजन करून घालतात. बेस स्वतः कोणी करत नाही, कारण तो नायट्रोसेल्युलोजचा असतो आणि कोरडं नायट्रोसेल्युलोज स्फोटक आहे. कारखान्यातूनही ते बहुधा अल्कोहोलमध्ये भिजवून बाहेर पडतं.

आणि हे नायट्रोसेल्युलोज येतं कुठून? लाकडाच्या लगद्यापासून ते करतात, तसंच कापसापासूनही. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती साफ करून नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणातून काढली की तिचा स्वभावच बदलतो. १८४६ मध्ये बाझेलच्या ख्रिश्टियान श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने ही क्रिया जगापुढे आणली. पुढे त्या बदललेल्या कापसाची स्फोटक दारू झाली, बंदुकीत गेली. त्याच पदार्थात कापूर मिसळून १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड झालं, म्हणजे आपलं कचकडं. आजीच्या पिढीच्या कचकड्याच्या बांगड्या आणि बाहुल्या त्यातल्याच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फितीवर उतरवला, तीही याच कुळातली, भडकन पेटणारी. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत असल्याच जुन्या फिती जळाल्या. १९२० च्या दशकात मोटारींना लावायचं झटपट वाळणारं लॅकर नायट्रोसेल्युलोजपासून होऊ लागलं, आणि आजचं नेलपेंट त्या लॅकरचं सख्खं भावंड आहे. इथाइल आणि ब्युटाइल असिटेटमध्ये नायट्रोसेल्युलोज विरघळवायचं. नखावर लावलं की द्रव उडून जातो आणि कापसाच्या त्या बदललेल्या धाग्यांचा पातळ, कडक पापुद्रा मागे राहतो. तो तडकू नये म्हणून त्याला थोडं मऊ ठेवणारं काही घालतात. कित्येक बाटल्यांत ते काम आजही कापूर करतो. काळ्या रानात कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात मी वाढले, आणि नखावरचा तो लखलखीत पापुद्रा आमच्या पिकाच्या गोताचा आहे हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

आता तळाशी बसणाऱ्या चमकीचं. चांगल्या बेसमध्ये एक खास प्रक्रिया केलेली माती असते. बेंटोनाइट किंवा हेक्टोराइट जातीच्या या मातीमुळे द्रव स्थिर असताना दह्यासारखा धरतो आणि हलवला किंवा ब्रशने ओढला की सैल होतो. धरलेल्या द्रवात चमकी जागच्या जागी लटकून राहते. माझ्या लहानपणीच्या त्या बाटलीत ही माती कमी पडली असणार. शिवाय चमकीही कोणतीही चालत नाही. ग्रीटिंग कार्डावर लावायची चमकी बेसमध्ये टाकली तर तिचा रंग सुटतो आणि आठवड्याभरात सगळी बाटली मळकट होते. नेलपेंटची चमकी पॉलिएस्टरच्या पातळ पत्र्याची असते. त्यावर ॲल्युमिनियमचा थर, त्यावर द्रावणात न विरघळणारा रंग, आणि मग बहुधा षट्कोनी तुकडे. पत्रा वाया न घालवता कापायला षट्कोन सोयीचा. अशी चमकी यंत्राने कापण्याचं श्रेय हेन्री रुशमन या अमेरिकी कारागिराला देतात. १९३४ मध्ये न्यू जर्सीत त्याने हे यंत्र केलं. त्याआधी काच, धातूचा पत्रा किंवा अभ्रक कुटून चमक मिळवत.

होलोग्राफिक हा याहून निराळा प्रकार, आणि माझा जीव त्यात अडकला. त्याच्या कणाला स्वतःचा रंग नसतो. तो ॲल्युमिनियमचा एक सूक्ष्म पापुद्रा असतो आणि त्यावर समांतर रेषा उठवलेल्या असतात. जुन्या सीडीची मागची बाजू आठवा. तिच्यावरच्या दोन वळशांतलं अंतर १.६ मायक्रॉन असतं, म्हणजे एका केसाच्या जाडीत तशा चाळीसेक रेषा बसतील. इतक्या जवळच्या रेषांवर प्रकाश पडला की प्रत्येक रंग आपापल्या कोनात फुटतो. पाचशेच्या नोटेतला धागा कलता केल्यावर हिरव्याचा निळा होतो, तो खेळ वेगळा. तिथे पातळ थरांची करामत असते, पाण्यावर सांडलेल्या तेलासारखी. मोराची आणखी तिसरी. आमच्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तिथल्या मोराच्या पिसात निळा रंग म्हणून काही नसतो, तपकिरी-काळ्या द्रव्याच्या सूक्ष्म कांड्या ठरावीक अंतराने रचलेल्या असतात आणि प्रकाश त्यांतून निळा होऊन परततो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी पक्ष्यांच्या पिसांतल्या आणि शिंपल्यांतल्या अशा रंगांचा मोठ्या आवडीने अभ्यास केला होता. एवढ्या मोठ्या माणसाला ज्याची भुरळ पडली, ती गोष्ट बायकांची हौस म्हणून बाजूला सारली जाते, याचं मला वाईट वाटतं.

पहिली होलोग्राफिक बाटली मी रात्री ट्यूबलाइटखाली उघडली आणि हिरमुसले. राखाडी, स्टीलच्या ताटलीसारखा रंग. दोन हात दिले, तरी तसाच. सकाळी दात घासत अंगणात आले, ऊन हातावर पडलं, आणि पाचही नखांवरून तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा सरकत गेला. ट्यूबलाइटचा उजेड लांब नळीभर पसरलेला असतो. प्रत्येक बिंदूचं इंद्रधनुष्य दुसऱ्यावर पडून सगळे रंग एकमेकांत मिसळतात आणि राखाडी उरतो. सूर्य आकाशात लहानसा ठिपका आहे, त्याचे रंग सुटे राहतात. थंड देशांतल्या बायका हे रंग पाहायला मोबाइलचा टॉर्च लावतात, असं बहिणीने सांगितलं. इथे वर्षातले आठ महिने आभाळ मोकळं असतं. ही कला जिथे जन्मली तिथल्यापेक्षा मराठवाड्यात ती जास्त शोभून दिसते, असं मी मनापासून म्हणते.

लावायच्या काही गोष्टी हाताशी आल्या, त्या सांगते. कण नखावर सपाट निजले तरच पट्टा स्पष्ट दिसतो, म्हणून खालचा थर गुळगुळीत हवा आणि ब्रश दाबायचा नाही. मोठी चमकी ओढून लावायची नाही, टिपत ठेवायची, बेगडासारखी. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे. जाड हात वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि झोपेत चादरीची वीण त्यावर उमटते. एप्रिलमध्ये दुपारी लावायला बसले तर द्रव इतक्या भराभर उडाला की ब्रशमागे धागे येऊ लागले. तेव्हापासून पहाटे किंवा दिवे लागल्यावर लावते, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. बाटली वापरण्याआधी हातात लोळवायची. आत स्टीलचे दोन छर्रे असतात, त्यांची टकटक ऐकू आली की माल ढवळला जातोय हे कळतं. काढणं मात्र जिकिरीचं. चमकी नखाला अशी धरते की रिमूव्हरचा बोळा नखावर ठेवून वर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून पाच मिनिटं बसावं लागतं. सहांपैकी एक बाटली पहिल्याच महिन्यात घट्ट झाली. ती कोणाची होती ते इथे सांगत नाही. लहान धंद्यात एखादा घाणा बिघडतो, आणि त्या व्यावसायिकाने चूक कबूल करून बहिणीला पैसे परत केले.

केजमध्ये कोणी हे सुरू करावं का, असं मला शेजारच्या मुलीने विचारलं. मी तिला आधी कायदा सांगितला. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन करायचं तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे नियम लागू होतात, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्वयंपाकघरात घोटून आठवडी बाजारात विकता येत नाही. मला हे योग्यच वाटतं. पेट घेणारा द्रव, उग्र वाफ, आणि तो माणसाच्या अंगाला लागणार. पण परवान्याचा रस्ता आहे, आणि भारतात १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली तेव्हा इथे चांगलं प्रसाधन होईल यावर तरी किती जणांचा विश्वास होता?

दुसरी गोष्ट तिला सांगताना मला जड गेलं. झळाळीसाठी वापरलं जाणारं अभ्रक झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीहच्या भागातून मोठ्या प्रमाणावर येतं. तिथल्या बेकायदा खाणींत लहान मुलं अभ्रक वेचतात, आणि दरडीखाली मुलं दगावल्याचं २०१६ मध्ये पत्रकारांनी उजेडात आणलं. काही छोटे व्यावसायिक आता प्रयोगशाळेत केलेलं कृत्रिम अभ्रक वापरतात आणि बाटलीवर तसं लिहितात. मी ते लिहिलेलं पाहूनच बाटली मागवते. पॉलिएस्टरची चमकी तर प्लास्टिकच आहे, धुतली की पाण्यात जाते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीवर बंदी आणली आणि नखांच्या प्रसाधनांना २०३५ पर्यंत मुदत दिली. मी काढलेले बोळे नाल्यात टाकत नाही, बंद डब्यात साठवते. त्याने फार काही होत नाही हे मला समजतं, तरी ते मी सोडणार नाही.

सहावी बाटली गडद निळ्या होलोग्राफिकची होती, आणि ती मी मावशींच्या हातांना लावली. मावशी आमच्या गल्लीत राहतात, हंगामात कापूस वेचायला जातात. नको नको म्हणत बसल्या, मग दोन्ही हात पुढे केले. मी खालचा थर दिला, दोन हात निळ्याचे, वर चकाकीचा एक. त्या तासभर ओसरीवर हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसल्या आणि ऊन जसजसं सरकलं तसतशा स्वतःही सरकत राहिल्या.

पाचव्या दिवशी त्या दारात आल्या. आठ नखं जशीच्या तशी होती. दोन्ही अंगठ्यांची टोकं मात्र पार उडाली होती, कारण वाळलेल्या बोंडाची टरफलं टोकदार असतात आणि सरकी धरून कापूस ओढताना अंगठाच पुढे येतो.

“ताई, अंगठ्यांना तेवढं परत लावून द्या,” मावशी म्हणाल्या. “बाकीचं ऱ्हाऊ द्या. उद्या वरच्या रानात जायचंय, तिथं ऊन चांगलं असतंय.”