पाटीतली फळे का पिकतात, का नासतात?



गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या हातून एक चूक झाली. खेड आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या वाड्यांतून ठाकर व महादेव कोळी भगिनी करवंदे, जांभळे घेऊन चाकण-भोसरीपर्यंत विकायला येतात. बांबूची पाटी आणि वर हिरवी पाने, एवढाच सरंजाम. तुमच्यापैकी काहींच्या देणगीतून आम्ही त्यांना घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घेऊन दिले. फळ चेंगरणार नाही, धूळ बसणार नाही, असा आमचा हिशेब. आदल्या दुपारी तोडून भरलेली करवंदे दुसऱ्या दिवशी चाकणच्या चौकात उघडली, तर आत पाणी सुटलेले आणि दारूसारखा वास. एक मावशी एवढेच म्हणाल्या, "ताई, आमची पाटीच बरी होती." त्यांची दोन दिवसांची मेहनत गेली होती.

माझे शिक्षण धर्मशास्त्राचे. रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले ते सुटलेच. पण त्या दुपारनंतर मला हे समजून घेणे भागच पडले.

तोडलेले फळ मेलेले नसते. ते श्वास घेत असते. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते आपल्यातली साखर जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व थोडी उष्णता बाहेर टाकते. पाटीच्या विणीतून ही वाफ आणि ऊब निघून जाते. बंद डब्यात ती कोंडते, ऑक्सिजन संपत जातो. मग फळाच्या सालीवर आधीपासूनच असलेले यीस्ट साखरेचे अल्कोहोल करू लागते. फळाच्या पेशीही हवेवाचून तेच करतात. हे आंबणे सजीवांचे काम आहे, हे लुई पाश्चर यांनी 1850 च्या दशकात दाखवून दिले. पुढे हवा मिळाली की दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचा शिरका, म्हणजे व्हिनेगर करतात.

पिकणे ही मात्र वेगळी गोष्ट. कैरीत पिष्ट आणि आम्ल भरपूर असते. पिकताना विकरे, म्हणजे एन्झाइम, पिष्टाची साखर करतात, आम्ल कमी होते, पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन सुटते म्हणून फळ मऊ पडते. हिरवा रंग विरतो आणि खालचा पिवळा दिसू लागतो. या सगळ्याला हुकूम देणारा एक वायू आहे, इथिलीन. तो फळच तयार करते. पिकणारी फळे हा वायू सोडतात, हे 1934 मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध झाले. आपल्या आजीला नाव ठाऊक नव्हते, पण अढी लावायचे कारण तेच: पेंढ्यात ऊब राहते, वायू फळांभोवती टिकतो आणि एक पिकला की शेजारचा पिकतो. नासका आंबा अढीतून लगेच काढायचा, तोही याचसाठी.

फळाला जखम झाली तरी इथिलीन वाढते. आमोस संदेष्टा उंबराच्या फळांचे काम करणारा होता, हे आपण वाचतो (आमोस 7:14). जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे फळांना ओरखडा काढण्याच्या अर्थाचा शब्द आहे. मिसर देशात आणि त्या भागात त्या जातीच्या उंबरांना सुरीने चीर देत, की ती थोड्याच दिवसांत पिकत. मला हे कळले तेव्हा तो अध्याय पुन्हा काढून वाचला.

आता कार्बाइडचे. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या आपल्या मंडळींना हे चांगले माहीत आहे. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन निघतो, ज्याच्यावर गॅस वेल्डिंग चालते. ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो, म्हणून काही व्यापारी आंब्याच्या पेटीत कार्बाइडची पुडी ठेवतात. साल पिवळी होते, आत फळ आंबटच राहू शकते. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश असतात. फळे पिकवण्यासाठी त्याचा वापर आपल्या देशात कायद्याने बंद आहे. इथिलीन वायूला मात्र 2016 पासून परवानगी आहे, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत. तेव्हा पिकवण-खोलीतला प्रत्येक आंबा विषारी, असे समजू नये.

सगळीच फळे तोडल्यावर पिकत नाहीत. आंबा, केळी, सीताफळ, पपई पिकतात. द्राक्ष, संत्रे, डाळिंब नाही. जांभूळही झाडावरच पिकलेले हवे. म्हणूनच त्या भगिनींना वेळ इतका थोडा मिळतो: पिकलेलेच तोडायचे आणि नासायच्या आत विकायचे.

यंदा पाट्या परत आल्या आहेत. तोडणी दुपारऐवजी पहाटे, माल सावलीत, फुटलेले फळ वेगळे. कच्च्या करवंदांना मीठ लावून लोणचे घालायलाही दोन वाड्यांनी सुरुवात केली आहे. मीठ फळातले पाणी ओढून घेते आणि बरेचसे जंतू त्यात तग धरत नाहीत. बाळहिरड्याचे तर मूळचेच तसे. आत बी टणक होण्याआधी तो तोडतात आणि काळा, कडक होईपर्यंत वाळवतात, म्हणजे पिकायचा आणि नासायचा प्रश्नच उरत नाही.

आमचे ते प्लॅस्टिकचे डबे वाया गेले नाहीत. वाळलेल्या हिरड्याला पावसाळ्यात दमट हवा लागू नये म्हणून मावशींनी ते त्यासाठी ठेवून घेतले.