लिहिलेला भाव आणि खरा भाव

आपल्या शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा गाव आहे. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते. घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दूरदूरच्या राज्यांतून घोडे येतात. एखाद्या देखण्या घोड्याभोवती माणसांचे कडे पडते. कोणी विचारतो, "केवढ्याला हो?" मालक सांगतो, "एक कोट." ऐकणारे तोंडात बोट घालतात. पण यात्रा उठते आणि घोडा मालकाबरोबर घरी परत जातो. त्याला तो विकायचाच नसतो. "विकायचा नाही" म्हटले, तर लोक पुढे सरकतील. "एक कोट" म्हटले, की गर्दी जमते आणि घोड्याचे नाव होते.

हा भाव म्हणजे नुसता बोललेला भाव. त्या भावाने कोणी पैसे मोजलेले नाहीत. असेच लिहिलेले भाव आता मोबाइलवरच्या बाजारात दिसतात.

2018 सालच्या जानेवारीत ॲमेझॉनच्या बाजारात नारळाची करवंटी विकायला होती. अर्धी करवंटी! आपण चुलीत घालतो ती. भाव होता तेराशे रुपयांच्या वर. 2022 सालच्या मे महिन्यात तिथेच प्लॅस्टिकची एक बादली होती. आधीची किंमत 35,900 रुपये. ती खोडून खाली लिहिले होते 25,999. सूट 28 टक्के! देशभर लोक पोट धरून हसले. पण असा भाव कोण लिहितो आणि का लिहितो, ते समजून घेतले पाहिजे. कारण बादली पाहून आपण हसतो, पण दोनशेच्या वस्तूला सहाशे लिहिले तर हसत नाही. गुपचूप देऊन टाकतो.

पहिली गोष्ट ही, की ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्ट म्हणजे एकच एक दुकान नव्हे. यात्रेत जागा देणारा वेगळा आणि पाल टाकून बसणारा वेगळा. तसेच इथे आहे. जागा या कंपन्यांची, आणि माल लाखो निरनिराळ्या विक्रेत्यांचा. भाव बहुधा विक्रेताच लिहितो. कंपनी अडत घेते. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक भाव कोणी माणूस बसून तपासत नाही.

आता विक्रेत्याच्या बाजूने पाहू. त्याच्याकडचा माल संपला. दुकानातून वस्तूचे पान काढून टाकले, तर पुन्हा वर यायला वेळ लागतो. मग पुष्कळदा तो पान तसेच ठेवतो आणि भाव चौपट-दसपट करतो. कोणी घेणार नाही, याची त्याला खात्री असते. हा सारंगखेड्याच्या घोड्याचाच प्रकार झाला. दुसरा विक्रेता असा, की त्याच्याकडे वस्तू कधी नव्हतीच. तुमची मागणी आली, की तो दुसऱ्याकडून घेऊन पाठवणार. त्याचा नफा आणि दोन वेळचे भाडे तो आधीच भावात धरून ठेवतो.

आणि कधी कधी भाव माणूस लिहीतच नाही. यंत्र लिहिते. हा प्रकार मोठा गमतीचा आहे.

समजा, शहाद्याच्या बाजारात दोन दुकानदार आहेत. पहिल्याने नोकराला सांगितले, "शेजाऱ्यापेक्षा अगदी थोडा कमी भाव ठेव." दुसऱ्याने आपल्या नोकराला सांगितले, "शेजाऱ्याच्या भावावर शेकडा 27 चढव." दोन्ही नोकर हुकमाचे ताबेदार. डोके चालवायचे नाही, एवढेच त्यांना ठाऊक. पहिल्याचा भाव 100 रुपये. दुसऱ्याने लिहिले 127. पहिल्याने पाहिले आणि जवळजवळ 127 केले. दुसऱ्याने लगेच 161 केले. पहिला 161 च्या जवळ आला. दुसरा 204 वर गेला. मालक घरी झोपलेले. थांबवणार कोण?

हे खरोखर घडले आहे. 2011 साली अमेरिकेत माशीच्या वाढीवरचे एक शास्त्रीय पुस्तक ॲमेझॉनवर होते. पीटर लॉरेन्स यांनी ते 1992 साली लिहिलेले. दोन विक्रेत्यांच्या यंत्रांनी एकमेकांकडे पाहून भाव चढवत नेला. 18 एप्रिलला तो दोन कोटी छत्तीस लाख डॉलरांच्या वर पोचला. तेव्हाच्या दराने आपले शंभर कोटी रुपये! मायकेल आयझन नावाच्या शास्त्रज्ञाने रोज भाव टिपून ही गोम शोधून काढली. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आले आणि भाव एकदम 106 डॉलरवर उतरला. शंभर कोटींना एकही प्रत खपली नव्हती, हे सांगायला नकोच.

चुकीचाही भाग असतो. भाव लिहिताना एखादे शून्य जास्त पडते. नाहीतर नग मोजण्यात आपलीच फसगत होते. आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याला ऐन फवारणीच्या दिवसांत पंपाचा वायसर हवा होता. गावात वीस-पंचवीस रुपयांना मिळतो, पण त्या दिवशी संपला होता. मुलाने मोबाइलवर पाहिले, तर 899 रुपये! बाप म्हणाला, "हे चोर आहेत." मुलाने खालची बारीक अक्षरे वाचली. फोटोत एकच वायसर, पण पाकिटात पन्नास. म्हणजे नग अठरा रुपयांना पडला. भाव वेडा दिसला, तरी वेडा नव्हता.

दूरच्या बाजारामुळेही भाव वाढतो. आपली सुतळीने विणलेली बाज एका परदेशी बाजारात एक लाख बारा हजार रुपयांच्या वर लावलेली होती. तिथे बाज विणणारा शेजारी कोठून मिळणार? वर एवढे लाकूड सातासमुद्रापार न्यायचे भाडे. तरीही तो भाव आम्हांला जास्तच वाटतो.

पण या सगळ्यांत आम्हांला भीती वाटते ती खोडलेल्या भावाची. कोटीचा घोडा कोणाला फसवत नाही. फसवतो तो शेजारी लिहिलेला मोठा आकडा. "3,000 खोडून 900" असे दिसले, की वाटते, एकवीसशे वाचले. ते वाचले केव्हा? बाजारात तीच वस्तू 500 ला असेल, तर उलट 400 गेले.

बंद पाकिटातल्या मालावर एमआरपी, म्हणजे जास्तीत जास्त किरकोळ किंमत, छापलेली असते. तिच्यापेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे. 1 जानेवारी 2018 पासून ऑनलाइन बाजारातही ती दाखवावी लागते. पण ती किंमत सरकार ठरवत नाही. बहुतेक वस्तूंवर ती बनवणाराच छापतो. तो हवी तेवढी मोठी छापू शकतो. म्हणून एमआरपीपेक्षा कमी मिळाले, एवढ्यावर खूश होऊ नये. तीच वस्तू दुसऱ्या दोन विक्रेत्यांकडे केवढ्याला आहे, ते पाहावे. शहाद्याच्या दुकानात विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. नग किती, वजन किती, पोचवण्याचा खर्च धरला आहे की वेगळा, हेही वाचावे. वाचता येऊ लागले, त्याचा उपयोग इथे करायचा.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर 1915 या नंबरवर फोन करावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मराठीत बोलले तरी चालते. फोन करताना विक्रेत्याचे नाव, ऑर्डरचा नंबर, पावती आणि पाकिटावरच्या छापील किमतीचा फोटो जवळ असू द्यावा.