धुरातील श्वास आणि नगरपालिकेचा अर्थसंकल्प

आगीत माणसे होरपळून मरतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बंदिस्त इमारतींतील आगींचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षकांचा बळी गेला, तो मुख्यतः गुदमरून. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी आग तळघरात लागली होती. नव्वदच्या आसपास मृत्यू झाले ते प्रामुख्याने वरच्या मजल्यांवर पोहोचलेल्या धुरामुळे. दिल्लीच्याच अनाज मंडी भागात ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे ४३ जण दगावले, तेथेही बहुतेकांचा प्राण धुरानेच घेतला. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मृत्यू पावलेल्या दहा नवजात बालकांपैकी सात गुदमरून गेल्याचे त्या वेळी शासनाने सांगितले होते.

अशा प्रसंगी पाण्याचा बंब वेळेवर पोहोचला, तरी तेवढ्याने भागत नाही. धुराने भरलेल्या खोलीत कोणीतरी शिरावे लागते, शोध घ्यावा लागतो आणि सापडलेल्या माणसाला उचलून बाहेर आणावे लागते. हे काम करणाऱ्या जवानाला श्वास घेता आला पाहिजे. त्याची सोय करणारे साधन म्हणजे पाठीवर वाहून न्यावयाचा स्वयंपूर्ण श्वसन संच, ज्याला अग्निशमन दलात सर्वत्र ‘बी.ए. सेट’ म्हटले जाते. महानगरांच्या दलांत तो आता नित्याचा झाला आहे. लाख-दीड लाख वस्तीच्या शहरांत तो किती संख्येने आहे आणि असल्यास वापरण्याच्या स्थितीत आहे काय, हा तांत्रिकपेक्षा आर्थिक प्रश्न अधिक आहे.

संचाचे स्वरूप

धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट तीव्रतेने जोडला जातो. फोमच्या गाद्या, नायलॉनचे पडदे आणि प्लॅस्टिकचे सामान जळताना हायड्रोजन सायनाइडही तयार होतो. नाकावर ओला रुमाल बांधून किंवा साधा गाळणीचा मास्क लावून या वायूंपासून संरक्षण मिळत नाही. शिवाय जेथे प्राणवायूच कमी झालेला आहे, तेथे हवा गाळून काय उपयोग? म्हणून संचात शुद्ध हवा बरोबर न्यावी लागते. प्रचलित कार्बन-तंतूच्या सिलिंडरची क्षमता ६.८ लिटर असते आणि त्यात ३०० बार दाबाने हवा भरली जाते. म्हणजे ढोबळमानाने २,०४० लिटर हवा. संथ हालचालीत मिनिटाला ४० लिटर हवा लागते, असे धरल्यास ती पन्नास मिनिटे पुरावी. परंतु जिने चढणारा, माणूस ओढणारा जवान मिनिटाला साठ लिटर किंवा त्याहूनही अधिक हवा घेतो. दाब ५० ते ५५ बारपर्यंत उतरला, की धोक्याची शिटी वाजते आणि त्याने परत फिरावयाचे असते. तेव्हा प्रत्यक्ष कामाचा वेळ अर्ध्या तासाच्या आतच राहतो. भारतीय मानकांमध्ये अशा संचांसाठी आय.एस. १०२४५ चा दुसरा भाग लागू होतो.

या साधनाचे महत्त्व केवळ त्या रात्रीपुरते नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायाला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. आग विझल्यानंतर राख उपसताना मास्क काढून ठेवण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

जबाबदारी कोणाची?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा अठरा विषयांत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. केरळ, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल अशा राज्यांत ही सेवा राज्य शासन चालविते. गोव्यातही तिचे स्वतंत्र संचालनालय आहे. महाराष्ट्र व गुजरातमध्ये तिचा भार प्रामुख्याने नागरी स्थानिक संस्थांवर आहे. दोन्ही पद्धतींचे गुणदोष आहेत. मात्र दुसऱ्या पद्धतीत लहान शहराच्या जवानाची सुरक्षितता त्या शहराच्या मालमत्ता करवसुलीशी थेट बांधली जाते, हे नजरेआड करून चालणार नाही.

ही वसुली तुटपुंजी आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील महानगरपालिकांच्या अर्थसंकल्पांचा आकार दशकभराहून अधिक काळ स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिला. नगर परिषदांची स्थिती याहून बरी असण्याचे कारण नाही. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवली. ते योग्यच होते. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्ते, दिवाबत्ती, गटारे, बाजार आणि स्मशानभूमी यांच्या रांगेत अग्निशमन दल उभे राहते. रस्त्यावरील खड्ड्याची तक्रार रोज येते. रिकाम्या सिलिंडरची तक्रार करणारा नागरिक अद्याप जन्मास यावयाचा आहे!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. क्वचित उद्भवणाऱ्या, पण भीषण हानी करणाऱ्या संकटावरील खर्च नेहमीच पुढे ढकलला जातो, कारण त्याचा लाभ न घडलेल्या घटनेच्या रूपाने मिळतो. विमा व्यवसायाला मात्र हा लाभ पैशात दिसतो. लंडनमध्ये पहिली अग्निशमन दले विमा कंपन्यांनीच उभारली आणि १८६५ च्या कायद्याने ती सार्वजनिक यंत्रणेकडे आल्यावरही विमा उतरविलेल्या दर दहा लाख पौंडांमागे ३५ पौंड कंपन्यांनी द्यावेत, असे ठरले. व्यापारी मालमत्तेच्या अग्निविम्यातील काही अंश स्थानिक दलाकडे वळविण्याचा विचार आपल्याकडेही व्हावयास हरकत नाही.

केंद्राचे साहाय्य

तेराव्या वित्त आयोगाने (२०१०-१५) दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरपालिकांनी अग्निसंकट निवारणाचा आराखडा तयार करावा, ही अट कामगिरी अनुदानासाठी घातली होती. लहान शहरे त्या अटीबाहेर राहिली. पंधराव्या आयोगाने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतील पूर्वतयारी व क्षमता-उभारणीच्या घटकातून अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपये राखून ठेवण्याची शिफारस केली आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये त्यावर आधारित विस्तार व आधुनिकीकरण योजना सुरू केली. यांतील ५०० कोटी रुपये कायदेशीर व संरचनात्मक सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहनपर देण्याचे ठरले. प्रकल्पखर्चाचा २५ टक्के, आणि ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांनी १० टक्के वाटा स्वतःच्या अर्थसंकल्पातून उचलावयाचा आहे.

अमेरिकेत २००१ पासून चालू असलेल्या संघीय अनुदान योजनेत स्थानिक दल थेट अर्ज करते, आणि वीस हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावाचा वाटा केवळ ५ टक्के, तर दहा लाखांवरील शहराचा १५ टक्के असतो. आपल्याकडे वाटा राज्यागणिक बदलतो, शहराच्या ऐपतीप्रमाणे नव्हे. त्यामुळे राज्याच्या प्रस्तावात लहान शहराला किती स्थान मिळते, यावर सारे अवलंबून राहते. मोठ्या शहरासाठी उंच शिडीचे वाहन मागविणे सोपे असते आणि त्याचे उद्घाटनही करता येते. श्वसन संचाचे उद्घाटन होत नाही.

खरेदीनंतरचा हिशेब

खर्च खरोखर आवाक्याबाहेर आहे काय? उदाहरणादाखल १ लाख २० हजार वस्तीचे शहर घेऊ. बारा संच, प्रत्येकास एक जादा सिलिंडर, अशा खरेदीस १२ लाख रुपये आणि हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरला ८ लाख रुपये लागतात, असे गृहीत धरू. वीस लाखांची ही सामग्री बारा वर्षे वापरली आणि देखभालीवर दरसाल १० टक्के खर्च केला, तर वार्षिक भार सुमारे ३ लाख ६७ हजार रुपये होतो. दरडोई वर्षाला तीन रुपयांच्या आसपास. किमती दीडपट धरल्या, तरी आकडा पाच रुपयांच्या आतच राहतो.

या हिशेबातील देखभालीची रक्कम भांडवली खर्चापेक्षा मोठी आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. अनुदान मिळते ते भांडवलासाठी. आणि येथेच बहुतेक योजना अडखळतात. टायरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर येथे चालत नाही. हवेतील तेल, ओलावा आणि कार्बन मोनॉक्साइड काढून टाकणाऱ्या गाळण्या ठरावीक तासांनंतर बदलाव्या लागतात. हवा खेचणारी नळी डिझेल जनित्राजवळ ठेवली, तर विषच सिलिंडरमध्ये भरले जाते. मास्कची रबरी कड तडकते, झडपा चिकटतात. कॉम्प्रेसर नसलेल्या शहराला सिलिंडर शेजारच्या महानगरपालिकेत किंवा औद्योगिक वसाहतीच्या केंद्रात पाठवावे लागतात आणि ते परत येईपर्यंत संच भिंतीवर टांगलेला राहतो. जवानही सरावासाठी हवा खर्च करण्यास कचरतात, मग पहिला सराव प्रत्यक्ष आगीतच होतो.

यावर प्रत्येक शहराने स्वतंत्र कॉम्प्रेसर घेणे हा शहाणपणाचा उपाय नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा चार-पाच नगर परिषदांमध्ये मिळून एक भरणा व दुरुस्ती केंद्र, तेथे एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि फिरत्या सिलिंडरांचा सामायिक साठा ठेवल्यास वरील उदाहरणातील आठ लाखांचा भार विभागला जाईल. खरेदी राज्य स्तरावर एकाच दरकराराने झाली, तर सुटे भागही परस्परांना वापरता येतील. तीन शहरांत तीन वेगळ्या बनावटीचे मास्क असतील, तर संकटात एकाचा सिलिंडर दुसऱ्याला जोडता येत नाही. निविदेतच पाच वर्षांच्या देखभालीचा दर मागविणे, हा त्यातला सर्वांत सोपा बदल आहे.

दाबाच्या सिलिंडरांवर गॅस सिलिंडर नियम, २०१६ चे नियंत्रण आहे आणि साधारणतः दर पाच वर्षांनी त्यांची जलदाब चाचणी करावी लागते. कार्बन-तंतूच्या सिलिंडरचे आयुष्य सर्वसाधारणपणे पंधरा वर्षे धरले जाते. २०२४ मध्ये केंद्रीय साहाय्यातून घेतलेला सिलिंडर २०२९ मध्ये चाचणीसाठी पाठवावा लागेल. तोवर १ एप्रिल २०२६ पासूनच्या सोळाव्या वित्त आयोगाच्या कालखंडाचीही तीन वर्षे सरलेली असतील, आणि चाचणीचे शुल्क नगर परिषदेच्या महसुली खर्चातच बसवावे लागेल. त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष आजच उघडून त्यात दरवर्षी थोडी रक्कम टाकणे मुख्याधिकाऱ्यांच्या अधिकारकक्षेतील गोष्ट आहे. त्याला दिल्लीच्या मंजुरीची गरज नाही.