चीविता दी बान्योरेजो

चीविता दी बान्योरेजो हे इटलीच्या लात्सियो प्रदेशातील वितेर्बो प्रांतामधील एक लहान ऐतिहासिक गाव आहे. ते रोमच्या उत्तरेस सुमारे १२० किमी अंतरावर असून प्रशासकीयदृष्ट्या शेजारच्या बान्योरेजो या नगराचा भाग आहे. खडकाची सततची झीज आणि कोसळणारे कडे यांमुळे ते ‘मरणपंथाला लागलेले नगर’ म्हणून ओळखले जाते. हे वर्णन बान्योरेजोचेच सुपुत्र, लेखक बोनाव्हेंतूरा तेक्की (१८९६–१९६८) यांनी रूढ केले.

भूरचना

गाव ज्या सुळक्यावर वसले आहे त्याचा वरचा थर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या टफ या खडकाचा आहे. त्याखाली मात्र प्राचीन समुद्रतळाची चिकणमाती आहे. पावसाचे पाणी आणि दोन्ही बाजूंचे ओढे ही माती वाहून नेतात. आधार सुटला की वरच्या टफला उभ्या भेगा पडतात आणि कड्याचे तुकडे घरांसह दरीत कोसळतात. शत्रूपासून संरक्षण देणारी उंचीच अशा रीतीने गावाच्या मुळावर आली.

इतिहास

अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन लोकांनी येथे वस्ती केली. मध्ययुगात गाव भरभराटीस आले होते. तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत बोनाव्हेंतूरा यांचा जन्म बान्योरेजोचा. चीवितामधील त्यांचे मानले जाणारे घर केव्हाच दरीत गेले. १६९५ च्या भूकंपाने मोठी हानी झाली. त्यानंतर बिशपचे पीठ व नगराचा कारभार बान्योरेजोला हलला आणि रहिवासीही मागोमाग गेले. दोन्ही वस्त्यांना जोडणारी जमिनीची पट्टी झिजत गेल्याने १९६५ मध्ये पादचारी पूल बांधण्यात आला. सुमारे ३०० मीटर लांबीचा हा पूल म्हणजे गावात जाण्याचा मुख्य मार्ग होय.

वारसा

सांता मारिया वेशीवर माणसाचे मुंडके पंजात धरलेल्या सिंहांची शिल्पे आहेत. वेशीच्या आत प्रबोधनकालीन वाड्याची केवळ दर्शनी भिंत उभी आहे. तिच्या खिडक्यांमागे घर नाही, आकाश आहे. चौकातील सान दोनातो हे चर्च पूर्वी कॅथेड्रल होते. भूस्खलनाची माहिती देणारे संग्रहालयही गावात आहे.

कायम राहणारी माणसे आता जेमतेम दहा-बारा उरली असून पुष्कळ घरे बाहेरच्यांची सुट्टीतील निवासस्थाने झाली आहेत. २०१३ मध्ये येथे दीड युरो प्रवेशशुल्क सुरू झाले. पुढे ते वाढवण्यात आले, तरी पर्यटकांची गर्दी वाढतच गेली.