कॅसची लाकूडगाडी

जंगलातली रेल्वे एकटी तग धरत नाही. ओंडके डोंगरावरून खाली उतरवले, तरी पुढे गिऱ्हाइकापर्यंत नेणारी मोठी रेल्वे पायथ्याशी लागतेच. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात कॅस नावाचं गाव वसलं ते या दोघींच्या सांध्यावर.

'चेसापीक अँड ओहायो' या बड्या रेल्वेचा फाटा ग्रीनब्रायर नदीकाठाने इथवर आला आणि १९०१ मध्ये एका कागद कंपनीने गावातून थेट डोंगरावर रूळ टाकायला घेतले. वर लाल स्प्रूसचं दाट रान होतं. कागदाचं लाकूड बड्या रेल्वेने शेजारच्या राज्यातल्या कव्हिंग्टनच्या कारखान्यात जाई. बाकीचं कॅसच्या गिरणीत चिरलं जाई आणि फळ्याही त्याच वाटेने बाहेर पडत. दोन्हीकडे रुळांची रुंदी एकच होती. त्यामुळे वाघिणी एका मार्गावरून दुसऱ्यावर सहज जात, माल उतरवून पुन्हा चढवायची गरज पडत नसे.

खरी कसोटी चढाची होती. आपल्या बोरघाटात शंभर फुटांमागे चढ तीन फुटांहून कमी आहे. इथे काही ठिकाणी तो अकरा फुटांपर्यंत जातो. जिथे वळायला जागा नाही, तिथे गाडी पुढे जाते, थांबते आणि उलट्या दिशेने वरच्या रुळावर चढते. खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनातही पूर्वी हीच युक्ती होती.

असा चढ साध्या वाफेच्या इंजिनाला झेपत नाही, त्याची चाकं घसरतात. मिशिगनमधले लाकूड व्यावसायिक इफ्राइम शे यांनी त्यावर तोड काढली आणि १८८१ मध्ये पेटंट घेतलं. शे इंजिनाचे सिलिंडर आडवे नसतात, ते उजव्या अंगाला उभे असतात. त्यांच्या वजनाचा तोल राखायला बॉयलर डावीकडे सरकवलेला असतो. सिलिंडरांच्या दट्ट्यांनी फिरणारा लांब दांडा सांध्यासांध्यांत वाकतो, गरजेप्रमाणे लांब-आखूड होतो आणि दातेरी चाकांमधून प्रत्येक चाकाला जोर पोचवतो. पाणी-कोळशाच्या टेंडरची चाकंसुद्धा ओढायला लागतात, एकही चाक नुसतं वजन वाहत नाही. भक्क-भक्क आवाज इतका भरभर येतो की गाडी सुसाट निघाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती धावणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते. मला या यंत्राचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं ते याचं, की वेगाचा हव्यास सोडून त्याने सगळी ताकद पकडीत घातली.

१९६० मध्ये गिरणी बंद पडली. भंगारात निघालेली ही रेल्वे वाचवण्यासाठी रेल्वेप्रेमी धडपडले, राज्य सरकारने ती विकत घेतली आणि १९६३ पासून तिच्यावर पर्यटक चढू लागले. ज्याच्या भरवशावर ही गाडी उभी राहिली, तो बड्या रेल्वेचा फाटा मात्र १९७८ मध्ये बंद झाला. कॅसच्या दक्षिणेला त्याच्या जागी आता सुमारे १२५ किलोमीटरची पायवाट आहे. १९०५ मध्ये आलेलं पाच नंबरचं शे इंजिन अजून गावात आहे. कधी तिकडे जाणं झालं, तर त्याच्या उजव्या बाजूला उभे राहा; सगळी यंत्रणा तिथेच उघडी दिसते.